इतिहास स्पेशल, राज्यशास्त्र जनरल

मावळात इतिहास शिकवायला जाऊ नये. राज्यशास्त्र तर मुळीच नाही. पहिला विषय इथे रक्तात असतो आणि दुसरा पारावर, त्यामुळे या दोन्हींसाठी कुणी फी भरून कॉलेजात जातो म्हटल्यावर लोकांना त्याची कीव येते. आंदर मावळ घ्या, नाणे मावळ घ्या, पवन मावळ घ्या, प्रत्येक आडनावामागे एक तलवार असते. ती आज घरात नसते. आजोबांच्या वेळेपर्यंत माळ्यावर होती, मग भावकीतल्या कुणीतरी ती मोडीत घातली. भावकीतला हा इसम प्रत्येक घराला असतो. त्याच्या घरी जाऊन विचारलं तर तलवार त्यांची असते आणि मोडीत आपण घातलेली असते. एम.ए.ला मला 'इतिहासाच्या साधनांची चिकित्सा' असा एक अख्खा पेपर होता. त्यात याहून फारसं जास्त काही नव्हतं.

मी बी.ए.ला इतिहास स्पेशल घेतला आणि राज्यशास्त्र जनरल. आत्यानं विचारलं, "का रे, बारावीला एवढे कमी पडले?" कमी पडले नव्हते, पण ते सांगितल्यावर तिचा चेहरा आणखी काळजीत पडला. मार्क असून पोरगं आर्ट्सला जातंय म्हणजे दुसरंच काहीतरी बिघडलेलं असणार. काकांनी राज्यशास्त्राचं ऐकलं आणि आवाज खाली आणला. "कुणाकडून?"

"कुणाकडून म्हणजे? विद्यापीठाकडून."

"अपक्षच म्हण की," असं म्हणून त्यांनी तंबाखूची डबी बंद केली.

काकांची चूक नाही. शाळेत आपण हे दोन विषय एकाच पुस्तकात शिकतो. पुढची जाड बाजू इतिहासाची, मागची बारीक बाजू नागरिकशास्त्राची. अलीकडे तिला राज्यशास्त्र म्हणतात, पण त्यानं तिची जाडी वाढलेली नाही. ही मागची पानं पेपरच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, झोप येईपर्यंत वाचायची असतात. ग्रामसभेच्या बैठका किती होतात, राज्यपालाला कोण नेमतं, एवढं डोक्यात शिरेपर्यंत डोळे मिटतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुसंख्य माणसांना राज्यघटना अर्धवट झोपेत भेटलेली असते. इतिहासाचं उलट. तो चौथीतच पुरा होतो. 'शिवछत्रपती' हे चौथीचं पुस्तक ज्यानं वाचलं त्याला पुढे काही वाचायची गरज वाटत नाही. पाचवीपासून एम.ए.पर्यंतचं सगळं पुरवणी. विद्यापीठातला प्राध्यापक नवा कागद दाखवून काही वेगळं सांगू लागला की विद्यार्थी मनातल्या मनात चौथीचं पान उघडून पडताळून पाहतो, आणि तिथे तसं नसेल तर प्राध्यापकाला नापास करतो.

मावळच्या मुलाचा निम्मा अभ्यासक्रम लोकलमध्ये होतो. लोणावळ्याहून निघालेली गाडी मळवलीला थांबते, तिथून भाज्याची लेणी आणि लोहगड-विसापूर. मग कामशेत, कान्हे, वडगाव. वडगावला इंग्रजांनी १७७९ मध्ये गुडघे टेकले. पुढे तळेगाव, म्हणजे सेनापती दाभाड्यांचं गाव. आणि शिवाजीनगरच्या अलीकडे खडकी, जिथे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेनं मार खाल्ला आणि पुढचं सगळं संपत गेलं. म्हणजे रोज सकाळी आपण वडगावला जिंकतो आणि पाऊण तासानं खडकीला हरतो. कॉलेजात पोचेपर्यंत मन उदास झालेलं असतं. संध्याकाळी परतताना मात्र आधी हरायचं आणि मग जिंकायचं असल्यामुळे माणूस घरी खुशीत येतो. दुपारच्या वेळी लोकल जवळजवळ नसतेच. तो काळ इतिहासात अंधारयुग म्हणून धरावा.

विद्यापीठाचं स्वतःचंही असंच. पुणे विद्यापीठ निघालं १९४९ साली. बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. पण गणेशखिंडीतली मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचा जुना बंगला. साहेब पावसाळ्यात इथे येऊन राहायचे. वसाहतवादानं देशाचं कसं शोषण केलं यावर व्याख्यान ऐकायचं, संतापानं वह्या भरायच्या आणि मग त्याच बंगल्यासमोरच्या झाडाखाली बसून डब्यातली भाकरी खायची. सावली चांगली असते, हे मान्य करावं लागतं.

अभ्यासक्रमात वडगावची लढाई पाच गुणांना येते, टीप लिहा म्हणून. मला हा अन्याय वाटतो. राघोबादादांना गादीवर बसवायचं म्हणून मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या नोव्हेंबरात फौज काढली. माणसं सुमारे एकोणचाळीसशे आणि बैल एकोणीस हजारांवर. म्हणजे माणशी जवळजवळ पाच बैल. इतिहासकार या आकड्यावरून फौजेच्या अवजडपणाची चर्चा करतात. आमच्याकडच्या एका गाडामालकाला मी हा आकडा सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "खिल्लार होते का?"

हा लवाजमा घाट चढून वर आला आणि घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतच्या मूठभर कोसांना त्याला दहा-अकरा दिवस लागले. वर्गात सरांनी हे सांगितलं तेव्हा पुण्याची मुलं हसली. लोणावळ्याची हसली नाहीत. श्रावणातल्या रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर ज्याचं घर आहे त्याला या फौजेच्या कर्नल एगर्टनबद्दल सहानुभूतीच वाटते. एगर्टनला निदान चिक्की घ्यायला थांबायचं नव्हतं.

४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला. फौज तशीच पुढे सरकत तळेगावला पोचली, तर गाव जाळून रिकामं केलेलं आणि समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर. अन्न नाही, चारा नाही. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले आणि वडगावात पुरते कोंडले गेले. १६ जानेवारीला तह झाला. साष्टीसकट १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत करायचा, बंगालहून निघालेली कुमक परत पाठवायची, वर दोन ओलीस ठेवायचे. फौज जीव वाचवून मुंबईत पोचली आणि तिथल्या साहेबांनी सांगितलं की ज्यांनी सही केली त्यांना सही करायचा अधिकारच नव्हता, सबब तह रद्द. कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनंही तेच म्हटलं. परगावच्या विद्यार्थ्यांना हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेच समजावून सांगायला एक तास लागतो. मावळच्या विद्यार्थ्याला लागत नाही. इथे द्रुतगती मार्ग झाल्यापासून जमिनीचा एखादा व्यवहार तरी प्रत्येक घराण्यानं पाहिलेला आहे. विसार देऊन, ताबा घेऊन, नंतर 'ज्यानं सही केली त्याच्याकडे मुखत्यारपत्रच नव्हतं' म्हणणारी पार्टी त्याला बालपणापासून माहीत असते. फक्त तिला ईस्ट इंडिया कंपनी म्हणतात हे त्याला एस.वाय.ला कळतं.

आणि तो स्ट्यूअर्ट? त्याला मराठ्यांनी इष्टूर फाकडा केला. आपल्यावर चालून आलेला, आपल्याच गोळ्याला बळी पडलेला इंग्रज, पण शूर होता ना, मग फाकडा. वडगावात त्याची समाधी आहे आणि जाता-येता लोक तिला हात जोडतात. महादजींचा पुतळाही वडगावात आहे. जिंकणारा आणि पडलेला एकाच गावात, दोघांनाही नमस्कार. राष्ट्रवादाच्या व्याख्या पाठ करून मी गावी आलो की इथे येऊन त्या सगळ्या विस्कटतात. एकदा समाधीपाशी एका आजींना विचारलं, "आजी, हा कोण माहिती आहे का?" त्या म्हणाल्या, "देव हाय बाबा. इंग्लिश मीडियमचा."

राज्यशास्त्राचा खरा तास मात्र कार्ल्याच्या डोंगरावर भरतो. एकवीरेच्या पायऱ्या चढून वर आलं की देवळाला खेटूनच ते प्रचंड चैत्यगृह आहे. आगरी-कोळी भाविक पालख्या घेऊन येतात, कोंबडं कापायचं कुठे यावर खल होतो, आणि मागे दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब उभे. खांबांवर लेख आहेत. कुणी धेनुकाकटच्या यवनानं हा खांब दिला, कुणी तो. अगदी गावच्या देवळातल्या पंख्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहितात तसं, फरक एवढाच की पंख्यांची पाती काही वर्षांत वाकतात. वैजयंतीच्या भूतपाल शेठजींनी तर दर्शनी भागावर कोरून ठेवलं आहे की जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह आपण पुरं केलं. फ्लेक्सची कल्पना आपल्याकडे नवी नाही.

पण माझा आवडता लेख दुसराच. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं इथल्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दान दिलं आणि ते लेखात नोंदवलं. मग सत्ता बदलली, सातवाहन आले. त्यांनी मामाल इथल्या अमात्याला हुकूम पाठवला की भिक्षूंना करजक गाव देण्यात येत आहे. तेच गाव. मामाल म्हणजे आपलं मावळच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे मावळातल्या अधिकाऱ्याला आलेला सगळ्यांत जुना शासन निर्णय कोणता, तर आधीच्या सरकारची योजना नव्या सरकारच्या नावानं पुन्हा जाहीर करण्याचा. हा लेख पाहिल्यावर मला 'राज्यसंस्थेचे सातत्य' हे प्रकरण एका झटक्यात समजलं. त्याआधी ते मी दोनदा वाचून सोडून दिलं होतं.

या सगळ्या भागात खऱ्या अर्थानं इतिहासाचा अभ्यास करणारा माणूस होऊन गेला तो कामशेतला, आणि तोही मूळचा मावळचा नव्हे. गोविंद सखाराम सरदेसाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविलचे. बी.ए. झाले आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले. महाराजांनी त्यांच्याकडून दोन पुस्तकं मराठीत करवून घेतली. एक मॅकियाव्हेलीचं 'प्रिन्स', दुसरं सीलीचं 'एक्स्पान्शन ऑफ इंग्लंड'. माझ्या दृष्टीनं त्यांचं तेव्हाच राज्यशास्त्र जनरल आणि इतिहास स्पेशल झालं होतं. पुढे राजपुत्रांना शिकवायचं म्हणून टिपणं काढू लागले, ती टिपणं वाढता वाढता त्यांची 'रियासत' झाली. मुसलमानी रियासत, मराठी रियासत, ब्रिटिश रियासत, खंडांमागून खंड. शिक्षकाच्या नोट्सचं पुस्तक होण्याची ही पद्धत आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडे त्या नोट्सची आधी झेरॉक्स होते, मग झेरॉक्सची झेरॉक्स, आणि शेवटी अक्षरं इतकी पुसट होतात की 'शाहू' आणि 'बाहू' यांतला फरक विद्यार्थ्यानं परीक्षेच्या हॉलमध्ये संदर्भानं लावायचा असतो.

निवृत्त झाल्यावर रियासतकार कामशेतला येऊन राहिले. पुण्यात का नाही, याचं माझं उत्तर असं की पुण्यात राहिलं तर पुण्यातल्या इतिहासकारांशी बोलावं लागतं. पुण्याच्या संशोधकांशी त्यांचं फारसं गूळपीठ नव्हतं हे जगजाहीर आहे. पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून, निवडून, १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पंचेचाळीस खंड छापून बाहेर काढले, तेव्हा ज्यांना हे काम आपल्याकडे यायला हवं होतं असं वाटत होतं ते खूश झाले नसणार, हे कळायला कागदपत्रांची गरज नाही. त्यांचे जिवलग मित्र कलकत्त्याचे जदुनाथ सरकार. हे मुघलांचा इतिहास लिहिणारे, ते मराठ्यांचा. एकाचा नायक दुसऱ्याचा खलनायक, आणि तरी पन्नासेक वर्षं एकमेकांना पत्रं. जदुनाथ कामशेतला यायचेसुद्धा. कामशेत स्टेशनावर उतरलेल्या त्या बंगाली गृहस्थाला टांगेवाल्यानं काय विचारलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे. इतिहास अशा गोष्टी जपून ठेवत नाही.

गंमत पुढेच. सरदेसाई नुसते बी.ए. जदुनाथ एम.ए., पण इंग्रजीत. आजच्या जाहिरातीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला 'संबंधित विषयात' पदव्युत्तर पदवी लागते आणि वर नेट किंवा सेट. म्हणजे या दोघांनी एखाद्या महाविद्यालयात अर्ज केला असता तर छाननीतच बाद. फार तर तासिका तत्त्वावर घेतलं असतं, तेही दरवर्षी नव्यानं. तासिका तत्त्व ही काय चीज आहे ते मी सांगतो, कारण मी त्यावरच जगतो. जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे. तास झाला पण विद्यार्थी आले नाहीत तर चर्चा. दिवाळीत पानिपत होत नाही, त्यामुळे दिवाळीत पगारही नाही. पानिपतच्या पराभवाची कारणं मी इतक्यांदा शिकवली आहेत की आता प्रत्येक कारणाची रक्कम मला तोंडपाठ आहे. भाऊसाहेबांनी यात्रेकरू बरोबर नेले हे कारण थोडं रंगवून सांगितलं तर पाऊण तास निघतो.

१९५७ साली सरदेसायांना पद्मभूषण मिळालं, १९५९ मध्ये कामशेतलाच ते वारले. आज कामशेत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना पॅराग्लायडिंग आठवतं. मी एकदा बाजारपेठेत एका दुकानदाराला विचारलं, "रियासतकारांचं घर कुठं होतं?" तो सज्जन होता. दोन गिऱ्हाइकं थांबवून त्यानं विचार केला आणि म्हणाला, "रियासत का? ती नवी बंगलो स्कीम. जरा पुढं जावा, डाव्या हाताला बोर्ड दिसंल. पण सगळे विकले गेले म्हणतात."

आता राज्यशास्त्र. हा विषय वर्गात प्लेटोपासून सुरू होतो आणि मुलं ॲरिस्टॉटलला गळायला लागतात. एकदा संघराज्याचं प्रकरण चाललं होतं. केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. मी विचारलं, समवर्ती सूचीतल्या विषयाचं एखादं उदाहरण सांगा, आणि वर्गात ती विशिष्ट शांतता पसरली. शेवटच्या बाकावरून नाणे मावळातला एक मुलगा उठला. वर्षभरात त्यानं तोंड उघडलं नव्हतं. म्हणाला, "सर, प्राण्यांवरचे अत्याचार. केंद्राचा कायदा १९६० चा. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला शर्यती बंद केल्या. मग राज्यानं २०१७ ला दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली, दोनशे चोपन्न दोन. एकवीसच्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. पाच न्यायमूर्ती होते सर."

मी थक्क. "तुला कलम दोनशे चोपन्न कुठून माहीत?"

"वकिलाला आम्ही वर्गणी दिली होती ना सर."

त्या तासाला मी पुढे काही शिकवलं नाही. तासिका मात्र लावली.

बैलगाडा शर्यत हे मावळचं सर्वोच्च घटनात्मक विद्यापीठ आहे, आणि तिथली उपस्थिती शंभर टक्के असते. निवडणुकांचं तंत्रही तिथेच शिकायला मिळतं. पुस्तकात मॉरिस द्युवर्जे नावाचा फ्रेंच विद्वान सांगतो की ज्याला जास्त मतं तो विजयी, अशी पद्धत असेल तर शेवटी दोनच पक्ष टिकतात. द्युवर्जेसाहेबांनी २०२४ ची मावळची विधानसभा निवडणूक पाहायला हवी होती. एरवी एकमेकांच्या मांडवात न जाणारे पक्ष एका अपक्षाच्या पाठीशी उभे राहिले. वृत्तपत्रांनी त्याला 'मावळ पॅटर्न' म्हटलं. आणि ज्याच्याविरुद्ध एवढी जमवाजमव झाली तो उमेदवार लाखावर मतांनी निवडून आला. मी मुलांना 'या निकालाचे द्युवर्जेच्या नियमाच्या आधारे विश्लेषण करा' असा गृहपाठ दिला. एकानं लिहून आणलं: 'द्युवर्जे मावळचे नव्हते.' मी त्याला दहापैकी सहा दिले. जास्त द्यायला हवे होते, पण शब्दमर्यादा पाळली नव्हती.

लोकसभेचा मावळ मतदारसंघ हा तर नकाशावाचनाचा प्रश्न. २००९ च्या निवडणुकीपासून तो अस्तित्वात आहे. सहा विधानसभा मतदारसंघ. त्यातले तीन घाटाखाली रायगड जिल्ह्यात, पनवेल, कर्जत आणि उरण. वरचे तीन म्हणजे चिंचवड, पिंपरी आणि मावळ. मावळ नावाच्या मतदारसंघात मावळ सहापैकी एक. उमेदवार सकाळी उरणच्या बंदरावर मासळीच्या टोपल्यांमध्ये उभा राहून 'आम्ही मावळे' म्हणतो आणि संध्याकाळी थेरगावात सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये पाण्याच्या टँकरवर बोलतो. हीच ती विविधतेतील एकता, पाठ्यपुस्तकात जिच्याखाली नेहमी वेगवेगळ्या वेशभूषांतली मुलं काढलेली असतात.

पाण्यावरून एक आठवलं, ते हसून सांगण्यासारखं नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ, द्रुतगती मार्गावर, पवनेचं पाणी बंद नळानं पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात शेतकरी जमले होते. पोलिसांचा गोळीबार झाला, तीन माणसं गेली, त्यात एक बाई होती. राज्यसंस्थेकडे बळाच्या वापराचा एकाधिकार असतो, हे वाक्य मी दरवर्षी शिकवतो. पवन मावळातली मुलं वर्गात असली की ते सांगून झाल्यावर मी फळ्याकडे वळतो आणि उगाच तारीख पुसून पुन्हा लिहितो.

तर मग या अभ्यासाचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. बहुतेक मुलांचं उत्तर एमपीएससी. इतिहास आणि राज्यघटना दोन्ही पूर्वपरीक्षेला येतात, त्यामुळे बी.ए. म्हणजे सदाशिव पेठेच्या वाटेवरचा थांबा. अभ्यासिकेत बसून ही मुलं इतिहासाचे एवढे बारीक तुकडे करतात की त्यात माणसं राहत नाहीत, फक्त सनावळ्या आणि जोड्या लावा. काही जण गडावर वाटाड्ये होतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात आमचा लोहगड आहे. माझा एक विद्यार्थी तिथे पर्यटकांना घेऊन फिरतो. सुरतेच्या लुटीचा ऐवज इथे आला होता, नाना फडणीसांनी ही बाव बांधली, मार्च १८१८ मध्ये आधी विसापूर पडला आणि दुसऱ्या दिवशी हा, असं सगळं तो मन लावून सांगतो. पर्यटक मन लावून ऐकतात आणि विंचूकाट्यावर पोचल्यावर विचारतात की पावसात तो ढगांचा रील कुठून काढतात. तो जागा दाखवतो. त्याला त्याचे वेगळे पैसे मिळतात.

आणि मग २०२३ आलं. सरकारनं कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली, गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. ज्या मोडीच्या प्रमाणपत्र वर्गात आम्ही मोजकी टाळकी बसायचो, त्या टाळक्यांना तहसीलदार अहो-जाहो करू लागले. त्याच सुमारास नात्यातल्या एका मामांचा मला फोन आला. आवाजात कधी नव्हे ती आपुलकी.

गेलो. मामांनी आतून कडी लावली, देवघरामागून एक पत्र्याची नळी काढली आणि तिच्यातून एक कागद. "महाराजांची सनद हाय," ते कुजबुजले. "आजानं मरताना सांगितलं होतं. ओढ्याकाठची जमीन आपल्याला इनाम. समोरच्या घरानं केस टाकलीय ना, त्यांच्या तोंडावर मारायची."

मी चष्मा पुसला. कागद बरा होता, अक्षर घोटीव. शके १७८०, म्हणजे १८५८ साल. पेशवाई बुडून चाळीस वर्षं झालेली. मी तसं सांगितलं.

"असू दे. पण शिक्का हाय की."

"शिक्का इंग्रज सरकारचा, मामा. स्टँप कागद आहे."

"बरं, मजकूर वाच."

मजकूर असा होता की मामांच्या खापरपणजोबांनी समोरच्या घराकडून दोन खंडी भात उसनं घेतलं. ते पुढच्या माघात बिनव्याजी फेडायचं. न फेडल्यास ओढ्याकाठचं शेत समोरच्या घराला लिहून दिलं असं समजावं. खाली नांगराची निशाणी आणि दोन साक्षीदार.

"फेडलं का?"

"ते यात नाही."

मामा बराच वेळ गप्प होते. बाहेर ओट्यावर समोरच्या घरातलं कुणीतरी खाकरलं. मामांनी कागदाची गुंडाळी केली, नळीत सारली आणि मला एकदम जवळ ओढून विचारलं, "भाच्या, आपल्या गावात हे आणिक कुणाला वाचता येतं?"

"सध्या तरी नाही."

"नक्की?"

"नक्की."

मामांनी नळी देवघरामागे ठेवली, कडी काढली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "अगं, भाच्याला नुसता चहा काय देतीस? कोंबडं काप. आजची रात्र राहू दे त्याला इथंच."